इलेक्ट्रिक गिटारची नेक घडवताना: जाडीआधी खांदे बघा

दोन इलेक्ट्रिक गिटार घ्या. दोन्हींच्या माहितीपत्रकात पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे बोटं दाबायच्या बाजूच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नेकची, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याची, जाडी २१ मिमी दिलेली आहे. एक हातात घेतली की अंगठा आपसूक जागेवर बसतो. दुसरीवर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरले की थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. फरक असतो तो खांद्यांचा. नेक आडवी कापली असं समजा: वर फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली फळी, खाली पाठ. पाठीवरची मधली सर्वांत उंच रेघ म्हणजे कणा, आणि कण्यापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतचा उतार म्हणजे खांदा. कारखाने कण्यापाशची जाडी छापतात, खांद्याबद्दल मात्र सी, डी, यू किंवा व्ही एवढं एकच अक्षर देतात. हाताला जाणवतो तो मुख्यतः हा खांदाच.

या अक्षरांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १९६०च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या नेकच्या टोकावर ए, बी, सी, डी असे शिक्के दिसतात. ते आकाराचे नाहीत, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) रुंदीचे आहेत: ए म्हणजे दीड इंच, बी १ ५/८, सी १ ३/४ आणि डी १ ७/८ इंच. जुन्या नेकची खरेदी करताना यावरून पुष्कळ गोंधळ होतो.

आधी आवडती नेक मोजा

हाताला आवडलेली एखादी गिटार मिळवा, मित्राची असली तरी चालेल. व्हर्निअर कॅलिपरचा एक जबडा डी आणि जी तारांच्या मधून फ्रेटबोर्डवर टेकवा, दुसरा कण्यावर. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, लाकडावर माप घ्या. फ्रेटच्या डोक्यावरून मोजलं तर मिमीभर जास्त भरतं.

आता खांदा. जुन्या एटीएम कार्डाच्या लांब बाजूला ५ मिमी खोल, ३३ मिमी रुंद अशी चौकोनी खाच कापा. ती पहिल्या फ्रेटपाशी पाठीवर आडवी बसवा. खाचेचे दोन्ही कोपरे आणि तळ एकाच वेळी लाकडाला टेकले, तर खांदा सी आकाराचा आहे. कोपरे टेकले पण तळ अधांतरी राहिला, तर खांदे भरलेले, म्हणजे डी किंवा यू. तळ टेकला आणि कोपऱ्यांशी फट राहिली, तर उतार व्हीकडे झुकलेला.

हे आकडे कुठून आले तेही सांगतो. पहिल्या फ्रेटपाशी ४४ मिमी रुंद, २१ मिमी जाड नेक धरली, त्यात फ्रेटबोर्ड ६ मिमी. पाठीपासून ५ मिमी वर आलं की तिथली रुंदी सी आकारात सुमारे ३३ मिमी येते, डीमध्ये ३७ आणि मऊ व्हीमध्ये २९. कण्यापाशी तिन्ही नेक २१ मिमीच्याच, आणि मुठीत मात्र ८ मिमीपर्यंतचा फरक. म्हणून जाडी आणि ही खांद्याची रुंदी, दोन्ही वहीत लिहून ठेवा. बाराव्या फ्रेटपाशी सी आकारासाठी हीच रुंदी ३७ मिमीच्या आसपास येते.

कोणत्या हाताला कोणता आकार

अंगठा नेकवरून पलीकडे आणून धरणाऱ्यांना, जिमी हेंड्रिक्स धरायचा तसं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात काहीतरी रुतेल असा आकार हवा असतो. त्यांना व्ही किंवा उतरत्या खांद्याचा सी मानवतो; तार ओढून बेंड करताना हात तिथेच टेकू घेतो. अंगठा पाठीच्या मधोमध ठेवून चारही बोटं पसरणाऱ्यांना मात्र व्हीचा कणा अंगठ्याच्या गादीत टोचतो. त्यांना सपाट पाठीचा, पातळ डी बरा.

पातळ नेक म्हणजे वेगवान नेक, हा समज १९८०च्या दशकात रुजला. आयबानेझ कंपनीच्या सुपर विझर्ड नेक पहिल्या फ्रेटपाशी जेमतेम १७ मिमीच्या असतात आणि वर-खाली झपाट्याने सरकणाऱ्या हाताला त्या खरोखर सोयीच्या आहेत. पण तासभर रिदम वाजवताना पातळ नेकवर मूठ अधिक मिटावी लागते आणि अंगठा थकतो. मोठ्या तळव्याच्या माणसाला २३ मिमीची भरीव नेक कितीतरी आरामाची वाटते. पहिलीच नेक घडवत असाल तर २१ ते २३ मिमीचा सी करा. नंतर खांदा उतरवता येतो, गेलेलं लाकूड परत येत नाही.

फ्रेटबोर्डची गोलाईही यात भर घालते. जुन्या फेंडरवर ती १८४ मिमी त्रिज्येची असते, आजच्या बऱ्याच फेंडरवर २४१, गिब्सन कंपनीच्या गिटारवर ३०५. बोर्ड जितका सपाट, तितकी त्याची कड जाड राहते आणि मूठ कडेपाशी जास्त भरते. पाठीचा आकार ठरवण्यापूर्वी बोर्डची त्रिज्या ठरलेली हवी.

ट्रस रॉडखाली किती लाकूड उरतं

कानस उचलण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडा. दोन्ही दिशांना काम करणाऱ्या नेहमीच्या ट्रस रॉडला (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला) ६ मिमी रुंद आणि सुमारे ९.५ मिमी खोल चर लागते. २१ मिमी जाडीतून फ्रेटबोर्डचे ६ आणि चरीचे ९.५ वजा केले की खाली ५.५ मिमी लाकूड उरतं. १९ मिमीच्या नेकमध्ये ते ३.५ मिमी होतं. ३ मिमीच्या खाली जाऊ नका. रॉड घट्ट केला की तो तिथल्या लाकडावर दाब देतो, आधी पाठीवर एक बारीक उभी रेघ उठते आणि मग लाकूड फुटतं. १७ मिमीच्या कारखानी नेकमध्ये हे गणित वेगळं मांडलेलं असतं. आयबानेझच्या आजच्या बऱ्याच जपानी मॉडेलांत मेपल आणि वॉलनटच्या पाच पट्ट्या चिकटवून नेक ताठ केलेली असते. एका फळीतून कापलेल्या नेकवर तो आकडा गाठायचा हट्ट धरू नये.

आखणी

पुढची मापं ६४८ मिमी स्केलच्या (स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी), बोल्ट-ऑन (स्क्रूने बॉडीला जोडायच्या), फेंडर पद्धतीच्या मेपल नेकसाठी आहेत. फ्रेटबोर्ड चिकटवून झालेला, दोन्ही बाजू निमुळत्या कापलेल्या: नटपाशी ४२.८ मिमी, टोकाला ५६ मिमी. पाठ अजून सपाट आहे. रंध्याने ती पहिल्या फ्रेटपाशी २१.३ आणि बाराव्यापाशी २३.३ मिमीवर आणा. वरचे ०.३ मिमी पॉलिश पेपर खातो. मग पाठीवर मध्यरेषा काढा. ही रेषा शेवटच्या घासणीपर्यंत पुसली जाता कामा नये. ती दिसते आहे तोवर जाडी शाबूत आहे.

हातावर सोडून केलेला गोलवा दोन्ही बाजूंना सारखा येत नाही, म्हणून आधी पैलू पाडायचे. प्रत्येक ठिकाणी दोन मापं लागतात: नेकची अर्धी रुंदी, आणि फ्रेटबोर्डच्या जोडापासून पाठीपर्यंतची खोली. सी आकारासाठी दोन्हींना ०.४१ ने गुणा. पहिल्या फ्रेटपाशी अर्धी रुंदी २२ आणि खोली १५, म्हणजे ९ आणि ६.२ मिमी. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ९ मिमीवर पाठीवर खूण करा. बाजूच्या उभ्या भागावर जोडापासून ६.२ मिमी खाली खूण करा. बाराव्या फ्रेटपाशी अर्धी रुंदी २६ आणि खोली १७, तिथे खुणा १०.७ आणि ७ मिमीवर येतात. दोन्ही ठिकाणच्या खुणा लांब पट्टीने जोडल्या की चार सरळ रेषा मिळतात. डी हवा असेल तर गुणक ०.५ धरा, मऊ व्हीसाठी ०.३३. एका गुणकाने पूर्ण स्वभाव बदलतो.

पैलू पाडणे

नेक फ्रेटबोर्डच्या बाजूने खाली, ५० ते ६० मिमी रुंद सरळ ठोकळ्यावर ठेवा आणि मध्ये रबर किंवा कॉर्कची पट्टी घाला. फक्त दोन टोकं शिकंज्यात धरू नका. मधला भाग हत्याराखाली वाकतो, तिथलं लाकूड कमी निघतं आणि नेक मोकळी केल्यावर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी फुगवटा दिसतो.

पाठीवरच्या आणि बाजूच्या रेषेमधला कोपरा काढून टाका. सरळ दाण्याच्या लाकडावर स्पोकशेव्ह (दोन मुठींचा छोटा रंधा) छान चालतो. लाटांसारख्या दाण्याच्या फ्लेम मेपलवर तो ढलपे उपटतो, तिथे रास्प (जाड दातांची कानस) वापरून पुढे १० इंची हाफ-राउंड कानशीवर या. दोन्ही रेषा पेन्सिलीच्या जाडीइतक्या शिल्लक राहतील तिथे थांबा. या पैलूंची सुरुवात पहिल्या फ्रेटपाशी आणि शेवट चौदाव्यापाशी. टोकांचे वळसे नंतर.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक पैलूची रुंदी मोजा आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्या त्या पैलूच्या पावपट अंतरावर रेषा काढा. पहिल्या फ्रेटपाशी पाठीचा सपाट भाग १८ मिमी, म्हणजे रेषा कडेपासून ४.५ मिमी आत. तिरका पैलू साधारण १५.५ मिमी, तिथे दोन्हीकडे ४ मिमी. बाजूचा उभा पट्टा ६.२ मिमीचा आहे, तो निम्म्यावर आखा. हे कोपरे काढले की नेक जवळपास गोल दिसू लागते आणि हातात घेतल्यावर काय होणार ते कळतं. इथे ती मुठीत धरून बघा. याच टप्प्यावर मत बदलायला वाव असतो.

एका हाताने काम करणाऱ्याचा जोर बहुधा एका बाजूला जास्त जातो. प्रत्येक वीस-पंचवीस घासांनंतर नेकची दिशा फिरवा आणि एटीएम कार्डाची खाच लावून दोन्ही खांदे ताडून बघा. मुद्दाम असमान करायची असेल, तर जाड तारांकडचा खांदा भरलेला ठेवून कणा त्या बाजूला २ मिमी सरकवतात. तेव्हा दोन बाजूंना दोन वेगळे गुणक घेऊन सुरुवातीलाच आखणी करावी.

गोलाई आणि तपासणी

कापडी पाठीच्या ८० ग्रिट एमरीची ४० मिमी रुंद पट्टी नेकवरून आडवी टाका आणि दोन्ही टोकं आळीपाळीने खाली ओढा. पैलूंचे कोपरे मावळतात. पण हीच पट्टी एका जागी रेंगाळली तर तिथे नेक बारीक होते, म्हणून ती सतत सरकती ठेवा. मग लाकडी ठोकळ्यावर १२० ग्रिट घेऊन फक्त लांबीच्या दिशेने घासा.

तपासणीसाठी अंधाऱ्या खोलीत टेबलावर एकच दिवा ठेवा. पोलादी पट्टी खांद्यावर लांबीच्या दिशेने टेकवा आणि मागून उजेड येऊ द्या. पहिल्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत उजेडाची फट दिसता कामा नये. मधोमध फट दिसली तर तिथे जास्त घासलं गेलं आहे, आणि हे सर्वांत जास्त वेळा घडतं, कारण दोन्हीकडून आलेले घास मध्येच एकमेकांवर पडतात. उपाय एकच: दोन्ही टोकांकडचं लाकूड थोडं उतरवून रेषा पुन्हा सरळ करणं. पट्टी टोकांशी डुलत असेल तर मध्ये फुगवटा आहे. तिथे पेन्सिलीने रेघोट्या ओढा आणि फक्त त्या जाईपर्यंत घासा. कण्यावर आणि दोन्ही खांद्यांवर मिळून किमान पाच रेषांवर हे बघावं.

खांद्यांच्या अंतिम मापाच्या अर्धा मिमी आधी थांबून नेक आठवडाभर घरात उभी ठेवा. लाकूड निघालं की आतला ताण मोकळा होतो आणि नेक किंचित वळते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात घडवत असाल तर दोन-तीन आठवडे द्या. फ्रेटबोर्ड पुन्हा सरळ करून फ्रेट बसवायचे ते यानंतर.

हेडस्टॉककडचा वळसा

दिसण्याच्या दृष्टीने नेकवर यापेक्षा महत्त्वाची जागा नाही. फेंडरचा हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, खुंट्या बसवलेला भाग) नेकच्या समांतर, सुमारे १४ मिमी जाड असतो आणि पाठ २५ ते ३० मिमी त्रिज्येच्या वळशातून त्यात उतरते. वळसा नटच्या रेषेच्या मागे, हेडस्टॉकच्या बाजूला सुरू करा. तो पहिल्या फ्रेटकडे सरकला तर नटखाली, नेमकी ट्रस रॉडच्या तोंडाशी, नेक बारीक होते. फार मागे ढकलला तर पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना तर्जनीच्या मुळाशी उंचवटा लागतो. पाइपच्या तुकड्याला ८० ग्रिट गुंडाळून हा वळसा घासावा, सपाट कानशीने तो तुटक येतो. नेकचा गोलवा जिथे हेडस्टॉकच्या सपाट पाठीला मिळतो तिथे कमानीसारखी एक कड तयार होते. ती दोन्ही बाजूंना सारखी आणि धारदार आली तर अख्खी गिटार नेटकी दिसते. पॉलिश पेपरने बोथट झाली तर कितीही चांगल्या लाकडाची नेक पुसटलेली वाटते. म्हणून इथे शेवटपर्यंत ठोकळ्यावरच घासा, बोटांनी नाही.

कललेल्या हेडस्टॉकचं गणित निराळं. गिब्सनचा कोन पारंपरिक १७ अंशांचा आहे. एकाच फळीतून कापलेल्या अशा नेकमध्ये लाकडाचा दाणा नटच्या मागे तिरका बाहेर पडतो, त्यातच ट्रस रॉड फिरवायच्या चाकीसाठी खळगा केलेला असतो, म्हणून गिटार मागे पडली की बहुधा तिथेच मोडते. गिब्सनने १९७०च्या सुमारास तिथे व्होल्यूट, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उंचवटा, आणला आणि १९८१च्या आसपास काढून टाकला. वाजवणाऱ्यांचे यावर दोन तट आहेत. कललेला हेडस्टॉक घडवत असाल तर तो ठेवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. शिखर नटच्या रेषेच्या ५ ते ८ मिमी मागे ठेवलं तर अंगठ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी त्या जागी ५ मिमी जास्तीचं लाकूड पाठ रंधतानाच सोडावं लागतं, नंतर ते कुठून आणणार?

हील

फेंडर पद्धतीची हील (नेकचा बॉडीत बसणारा भाग) २५ मिमी जाड आणि बॉडीतला खळगा १६ मिमी खोल. तेवीस-चोवीस मिमीच्या पाठीतून २५ मिमीच्या हीलमध्ये जाणारा वळसा पंधराव्या फ्रेटच्या पुढे सुरू व्हायला हवा. तो आधीच सुरू केला तर बाराव्या फ्रेटवर वाजवताना नेक अचानक जाड झाल्यासारखी वाटते. खळग्यात बसणारा भाग चौकोनीच राहू द्या. तिथे पॉलिश पेपर लागला, कडा गोलावल्या की नेक बाजूला हलते आणि सूर टिकत नाही.

वरच्या फ्रेटपर्यंत हात पोचत नसेल तर दोष बहुतेक वेळा बॉडीच्या कोपऱ्याचा असतो. पातळ तारांकडचा कोपरा गोलावता येतो, पण मग चार स्क्रूंची चौकोनी पत्र्याची प्लेट बसत नाही. प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र वाटीसारखा वॉशर घ्यावा आणि त्या बाजूचे स्क्रू आखूड करावेत. लांबी न तपासता जुनेच स्क्रू लावले तर टोक फ्रेटबोर्डमधून वर येतं.

फ्रेटबोर्डची कड

वर्षानुवर्षं वाजवलेल्या गिटारची आपुलकी या कडेत असते आणि नव्या नेकवर ती थोड्या मेहनतीत आणता येते. फ्रेट बसवून त्यांची टोकं घासून झाल्यावर, दोन फ्रेटच्या मधल्या कडेवर स्क्रेपरचं पातं ४५ अंशात धरून चार-पाच वेळा ओढा, मग २४० आणि ४०० ग्रिटने गोल करा. त्रिज्या १ मिमी पुरे. बाहेरच्या तारा कडेपासून ३ मिमीच्या आसपास असतात. दीड-दोन मिमी गोलवा केला आणि फ्रेटची टोकंही तिरकी घासली गेली, तर पातळ ई तार व्हायब्रॅटो करताना बाहेर घसरते.

फिनिश

मेपल उघडं ठेवू नका, घामाने ते करडं पडतं. चकचकीत लॅकर हवेत दमटपणा असला की तळव्याला चिकटतो, आणि किनारपट्टीवर ते वर्षातले अनेक महिने जाणवतं. ३२० ग्रिटनंतर ओल्या फडक्याने दाणा उठवून, वाळल्यावर पुन्हा घासून टंग ऑइलचे तीन-चार पातळ हात द्या. प्रत्येक हात पंधरा मिनिटांनी पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या. तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवाव्यात. पाठ तेलाची आणि हेडस्टॉक लॅकरचा ठेवायचा असेल तर सीमारेषा वळशाच्या कडेवरच घ्या.

तयार नेक बदलायची असेल तर

हातातली गिटार आवडते, फक्त नेक बोजड वाटते, अशी तक्रार असेल तर कण्याला हात लावू नका. आत चर किती खोल आहे हे बाहेरून कळत नाही, पण नेहमीच्या एका रॉडच्या नेकमध्ये ती ६ मिमी रुंद आणि मधोमध असते, त्यामुळे खांद्यांत बिनधोक लाकूड मिळतं. (कार्बन किंवा टायटॅनियमच्या जोडपट्ट्या घातलेल्या नेकला हे लागू नाही.) तारा आणि नेक काढा, कण्यावर १५ मिमी रुंद मास्किंग टेप लावा आणि दोन्ही खांद्यांवर स्क्रेपरने लॅकर खरवडून १२० ग्रिटच्या ठोकळ्याने काम सुरू करा. खाचेत ३७ मिमी भरणारा डी ३४वर आणला, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी काढला, की जाडी तीच राहूनही नेक वेगळी वाटते. एका बैठकीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढू नका. मधे तारा चढवून एखादा दिवस वाजवून बघा. अखेरीस टेप काढून त्याच्या कडेला राहिलेली पायरी ३२० ग्रिटने मिसळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे तेल द्या.

तारा चढवल्यावर नेक नव्याने वाकते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी फट बघा: ०.२ मिमीच्या आसपास हवी. जास्त असेल तर रॉड एका वेळी पूर्ण फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याइतकाच फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.